ठिपक्याची किंमत

(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज मी तुम्हाला एका ठिपक्याची गोष्ट सांगणार आहे. हा ठिपका तिळाएवढासुद्धा नाही. पण त्याने एका घरात भांडण लावले. एका गरीब माणसाला चोर ठरवले. आणि त्यात चूक माझी होती. म्हणून ही गोष्ट मीच सांगितली पाहिजे.

माझे सारे आयुष्य शाळेत गेले. शेवटी मी मुख्याध्यापक होतो. मी मॅट्रिक झालेला माणूस. फार मोठा विद्वान नाही. पण पाढे, बेरीज-वजाबाकी आणि अपूर्णांक पोरांच्या डोक्यात बसवणे हे माझे काम. गावात कुणाला नोटीस आली, चिठ्ठी आली, काट्याची पट्टी आली, की लोक माझ्याकडे येत. "गुरुजी, एवढं वाचून द्या ना जी," म्हणत. मी वाचून देत असे. लोक माझ्या शब्दावर विश्वास ठेवत.

मी निवृत्त झालो त्यानंतरची ही गोष्ट आहे. दिवाळी होऊन गेली होती. कापसाची वेचणी जोरात होती. आमच्या गावातल्या एका म्हाताऱ्या कास्तकाराने आपला कापूस विकायला पाठवला. स्वतःला जाववत नव्हते, म्हणून त्याने सालदाराला पाठवले. सालदार बारा वर्षांपासून त्याच घरी होता. त्याने माल नेला, काटा केला, पैसे मोजून घेतले आणि संध्याकाळी मालकाच्या हातात दिले. पैसे होते ५६,३५० रुपये. सोबत एक पट्टी होती. पट्टीवर वजन आणि भाव एवढेच लिहिले होते. एकूण रक्कम टाकलेली नव्हती.

मालक ती पट्टी घेऊन माझ्याकडे आला. दिवे लागणीची वेळ. माझा चष्मा आत राहिला होता. उठायचा कंटाळा केला. तशीच पट्टी डोळ्यांजवळ धरली आणि वाचली. "वजन आठ पॉइंट पाच. भाव सात हजार."

"म्हंजे साडेआठ क्विंटल?" मालकाने विचारले.

"हो, साडेआठ," मी म्हणालो.

मालक घरी गेला. त्याने हिशेब केला. सात हजाराच्या भावाने साडेआठ क्विंटलचे होतात ५९,५०० रुपये. हातात आले ५६,३५०. म्हणजे ३,१५० रुपये कमी. मग पैसे गेले कुठे? पैसे आणले कुणी? सालदाराने. झाले! त्याच रात्री सालदाराला बोल लावला. त्याच्या बायकोदेखत लावला. सालदार काहीच बोलला नाही. त्याला पट्टी वाचता येत नव्हती, तर तो काय बोलणार? दुसऱ्या दिवशी तो कामाला आला नाही.

तिसऱ्या दिवशी मालक पुन्हा माझ्याकडे आला. पट्टी घेऊन काट्यावर जाऊन भांडावे, की पोलिसात जावे, असे विचारायला आला होता. या वेळी माझा चष्मा नाकावर होता. मी पट्टी पाहिली आणि माझे हातपाय गार पडले. पट्टीवर ८.५ नव्हते. पट्टीवर ८.०५ होते. ठिपक्याच्या पुढे एक लहानसे शून्य होते. घाईत लिहिलेले, मोहरीच्या दाण्याएवढे. ते मला त्या दिवशी दिसलेच नव्हते.

८.०५ क्विंटल म्हणजे आठ क्विंटल आणि पाच किलो. सात हजाराच्या भावाने बरोबर ५६,३५० रुपये होतात. सालदाराने पैसाही इकडचा तिकडे केला नव्हता.

मी मालकाला घेऊन सालदाराच्या घरी गेलो. हात जोडले. तो ओट्यावर बसला होता. तो मला म्हणाला, "गुरुजी, तुमाले वाचता येते, म्हून तुमचं खरं झालं. मले वाचता येत नव्हतं, म्हून मी चोर झालो."

या बोलण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. पण त्यानंतर मी ठरवले, की जिथे जिथे साक्षरतेचा वर्ग चालतो तिथे तिथे जायचे आणि हा ठिपका शिकवायचा. तो सालदार पुढे वर्गात येऊन बसू लागला. आता तो स्वतःची पट्टी स्वतः वाचतो. माझ्याकडे वाचायला आणत नाही. मला त्याचे फार बरे वाटते.

आता आपण ठिपक्याकडे वळू.

या ठिपक्याला पुस्तकात दशांश चिन्ह म्हणतात. दश म्हणजे दहा. अंश म्हणजे भाग. दशांश म्हणजे दहावा भाग. बाजारात लोक त्याला पॉइंट म्हणतात. नाव कोणतेही घ्या, काम एकच. ठिपक्याच्या डावीकडे पूर्ण वस्तू असतात. ठिपक्याच्या उजवीकडे तुकडे असतात.

एका क्विंटलचे शंभर किलो. हे तुम्हाला ठाऊक आहे. आता एका क्विंटलचे दहा सारखे ढीग करा. प्रत्येक ढीग दहा किलोचा झाला. ठिपक्यानंतरचे पहिले घर या दहा किलोच्या ढिगांचे. त्या घरात ५ लिहिले, तर पाच ढीग झाले. म्हणजे पन्नास किलो. आता त्यातल्या एका ढिगाचे पुन्हा दहा भाग करा. प्रत्येक भाग एक किलोचा झाला. ठिपक्यानंतरचे दुसरे घर या एकेका किलोचे. त्या घरात ५ लिहिले, तर पाच किलो झाले. मग पहिल्या घरात एकही ढीग नाही हे कसे दाखवायचे? तिथे शून्य मांडायचे. शून्य म्हणजे काही नाही असे आपण म्हणतो. पण इथे शून्य नसले तर पाचाचे पन्नास होतात. शून्य घर राखून बसते. राखणदार उठून गेला, की दुसरा आत शिरतो. माझ्या हातून तेच झाले.

रुपयात हे आणखी सोपे आहे. ८.०५ रुपये म्हणजे आठ रुपये पाच पैसे. ८.५० रुपये म्हणजे आठ रुपये पन्नास पैसे. ८.५ आणि ८.५० यांची किंमत एकच. शेवटी शून्य वाढवले तर काही बिघडत नाही. पण ठिपक्याला लागून शून्य आले तर किंमत उतरते. हे घोकून ठेवा.

वर्गातला एक प्रश्न सांगतो. ३.२५ मोठे की ३.५ मोठे? बरेच जण म्हणतात, पंचवीस हे पाचापेक्षा मोठे, म्हणून ३.२५ मोठे. तसे नाही. ३.५ म्हणजे साडेतीन. ३.२५ म्हणजे सव्वातीन. साडेतीन मोठे. फसायचे नसेल तर दोन्हींकडे सारखी घरे करा. ३.२५ आणि ३.५०. आता पंचवीस आणि पन्नास यांची तुलना करा. चूक होणार नाही.

म्हणून वाचतानाही ठिपक्यानंतरचे आकडे एकेक करून वाचा. "तीन पॉइंट दोन पाच." "आठ पॉइंट शून्य पाच." शून्याचा उच्चार गिळू नका. मी पट्टी नीट पाहून "आठ पॉइंट शून्य पाच" म्हटले असते, तर एका माणसाची अब्रू वाचली असती.

हा ठिपका आपल्या व्यवहारात आला कधी? फार जुनी गोष्ट नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना तो लागत नव्हता. त्यांच्या वेळी एका रुपयाचे सोळा आणे होते. एका आण्याचे चार पैसे. एका पैशाच्या तीन पै. म्हणजे एका रुपयाच्या १९२ पै. असा हिशेब करायला पाव, अर्धा, पाऊण हेच सोयीचे. म्हणून शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. साडेतीनच्या पाढ्याला औटकी म्हणत. जुन्या वह्यांत पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन उभ्या रेघा, पाऊण म्हणजे तीन. अडीच लिहायचे तर २॥ असे लिहीत. दीड लिहायचे तर १॥. तुमच्या घरी आजोबांची जुनी वही असेल तर पाहा. ती वाचता आली तर त्यांचा हिशेब तुमच्याशी बोलेल.

मग स्वराज्य आले. सरकारने नाण्यांचा कायदा बदलला. १ एप्रिल १९५७ पासून एका रुपयाचे शंभर पैसे झाले. जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून त्याला नया पैसा म्हणत. लोकांची तारांबळ उडाली. कारण चार आण्यांचे पंचवीस नये पैसे बरोबर होतात. पण एका आण्याचे होतात सव्वासहा. सव्वासहाचे नाणे कुठून आणायचे? मग एका आण्याला सहा पैसे, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, असा कोष्टकाचा हिशेब ठरला. माझा जन्म त्यानंतरचा. पण माझे वडील सांगत, की दुकानात ते कोष्टक टांगलेले असे आणि अर्ध्या-पाव पैशावरून रोज वाद होत. पुढे लोकांना सवय झाली. १ जून १९६४ पासून नया हा शब्द गळाला आणि नुसता पैसा राहिला.

विलायतेचे राज्य आपल्यावर होते. पण त्यांनी आपल्या पौंडाचे शंभर भाग केले ते १९७१ साली. म्हणजे आपल्यानंतर चौदा वर्षांनी. शिकायचे ठरवले तर खेड्यातला माणूसही मागे राहत नाही, हे यावरून दिसते.

आज पैशाची नाणी बहुतेक गेली. चार आण्याचे आणि त्याखालचे नाणे ३० जून २०११ नंतर चलनात राहिले नाही. तरी आपण म्हणतोच, "सोळा आणे खरं." आणे गेले, पण बोलण्यातून गेले नाहीत. आणि पैसे हातात दिसत नसले तरी बिलात, पासबुकात, मोबाइलवर ठिपक्यानंतरची दोन घरे असतातच. ती पैशांची घरे आहेत.

वजनाचेही तसेच झाले. पूर्वी शेर, मण, पायली अशी मापे होती. ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण. पण एका बाजारचे माप दुसऱ्या बाजारच्या मापाला जुळेल याची खात्री नव्हती. माप बदलले, की कास्तकार बुडालाच. १९५६ साली मापांचा कायदा झाला आणि ऑक्टोबर १९५८ पासून किलो, लिटर, मीटर हळूहळू येऊ लागले. यात सगळे दहाच्या, शंभराच्या, हजाराच्या पटीत. म्हणून ठिपका चालतो. शेराला मणात लिहायचे तर ठिपका कामाचा नाही. किलोला क्विंटलात लिहायचे तर ठिपका दोन घरे सरकवला की काम झाले. ८०५ किलो म्हणजे ८.०५ क्विंटल. भागाकार करायला नको, कागदही नको.

कापसाच्या व्यापारात मात्र खंडी अजून जिवंत आहे. रुईची खंडी म्हणजे ३५६ किलो. व्यापाऱ्यांचे भाव खंडीत निघतात. आपला कापूस क्विंटलने जातो. भाव ऐकताना तो कापसाचा की रुईचा, क्विंटलचा की खंडीचा, हे आधी विचारावे.

आता दुसऱ्या मुलखांत काय चालते ते पाहू.

आकडे मांडायची ही रीत, म्हणजे एक ते नऊ आणि शून्य, जागेप्रमाणे किंमत, ही भारताची आहे. जुन्नरजवळ नाणेघाट आहे. तिथे सातवाहन राजांच्या काळचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख कोरलेला आहे. त्यात आकडे आहेत. पण शून्य नाही. दहाला वेगळी खूण, शंभराला वेगळी, हजाराला वेगळी. नंतर शून्य आले आणि घरांची रीत बसली. ग्वाल्हेरच्या एका देवळात ८७६ सालचा लेख आहे. त्यात २७० हा आकडा शून्यासह कोरलेला आहे. आपल्या महाराष्ट्रात चाळीसगावजवळ पाटण नावाचे गाव आहे. तिथल्या शिलालेखात थोर गणिती भास्कराचार्य यांच्या घराण्याची हकीकत आहे. त्यांची विद्या शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, तिथे मठ काढला. भास्कराचार्यांचा 'लीलावती' हा ग्रंथ ११५० सालचा. त्या काळी अपूर्णांक लिहिताना एक आकडा वर आणि एक खाली मांडीत. मधे रेघही नसे. ठिपका तर नव्हताच.

आपले आकडे अरबांनी उचलले. अरबांकडून ते युरोपात गेले. दहा-दहाच्या तुकड्यांची युक्ती दहाव्या शतकात दमास्कस शहरातल्या एका गणित्याने लिहून ठेवली. पंधराव्या शतकात समरकंदच्या अल काशीने ती चांगली चालवली. युरोपात १५८५ साली सायमन स्टेविन याने त्यावर लहानसे पुस्तक लिहिले. व्यापारी, जमीन मोजणारे अशा लोकांसाठी त्याने ते लिहिले होते. पुढे सतराव्या शतकात ठिपका रुळला. इंग्रजांबरोबर तो आपल्याकडे आला. म्हणजे आकडे आपण जगाला दिले आणि ठिपका जग फिरून आपल्या दारी आला.

पण सगळ्या जगात ठिपकाच चालतो असे समजू नका. जर्मनी, फ्रान्स, इटली, पोर्तुगाल या देशांत ठिपक्याऐवजी स्वल्पविराम देतात. आपण साडेआठ ८.५ असे लिहितो. तिथे ८,५ असे लिहितात. आणि जर्मनीत हजार दाखवायला ठिपका देतात! तिथे कुणी १.५०० लिहिले तर ते दीड नव्हे, पंधराशे झाले. आपल्याकडचे पोर तिकडे नोकरीला गेले आणि त्याने पगाराचा कागद आपल्या रीतीने वाचला, तर घोटाळा ठरलेला. आपल्या शेजारी गोव्यात १९६१ सालापर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते. पोर्तुगीजांच्या रिवाजात तर पैशाच्या आकड्यात मधोमध डॉलरसारखी खूण घालीत. खुणेच्या डावीकडे एस्कुडो, उजवीकडे त्याचे शतांश. एस्कुडो हे त्यांच्या नाण्याचे नाव. २००३ साली जगभरच्या वजन-मापांच्या परिषदेने ठरवले, की ठिपका किंवा स्वल्पविराम, दोन्ही चालतील. कुणी कुणाला चूक म्हणू नये.

अरबी आणि उर्दू आकड्यांची आणखी गंमत. त्यात शून्यच ठिपक्यासारखे लिहितात. आणि अरबी पाच दिसतो आपल्या शून्यासारखा, गोल. मग तिथे दशांशासाठी ठिपका कसा चालेल? म्हणून त्यांनी स्वल्पविरामासारखी वेगळी खूण केली.

आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा. पलीकडे तेलंगण. वणी, पांढरकवडा, झरीकडचे लोक रोज तेलुगू ऐकतात. तेलुगूत पंचवीस म्हणताना आधी वीस म्हणतात, मग पाच. आपण आधी पाच म्हणतो, मग वीस. पंच-वीस. इंग्रजीत तेलुगूसारखे. जर्मन भाषेत मात्र आपल्यासारखे आधी पाच. आपल्या राज्यात २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'बावीस' बरोबर 'वीस दोन' असेही म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मोठा वाद झाला होता. पण गंमत पाहा. बोलण्यात कुणी आधी पाच म्हणो, कुणी आधी वीस. लिहिताना सगळे २५ असेच लिहितात. आणि ठिपक्यानंतर एकेक आकडा वाचला, तर हा भेद उरतच नाही. "दोन, पाच." सगळ्या भाषांत क्रम एकच.

मोठ्या आकड्यांतही फरक आहे. आपण लाख, कोटी मोजतो. १२,३४,५६७ म्हणजे बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट. इंग्रजी पद्धतीत तीन-तीनचे गट करतात. १,२३४,५६७. आकडा तोच. स्वल्पविरामाच्या जागा वेगळ्या.

आणखी एक सावधगिरी. काट्यावर, बिलावर, मोबाइलवर आकडे बहुधा इंग्रजी असतात. आपल्या संविधानात त्यांना भारतीय अंकांचे आंतरराष्ट्रीय रूप म्हटले आहे. म्हणजे तेही आपलेच, परदेशी नव्हेत. पण रूप वेगळे. आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो. आपला ४ इंग्रजी आठसारखा दिसतो. म्हणून कागद हातात आला की आधी पाहा, आकडे मराठी आहेत की इंग्रजी. मग वाचा. दोन्ही शिकून घ्या. एकच शिकलात तर अर्धेच शिकलात.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगतो. प्रत्येक ठिपका दशांशाचा नसतो. काही ठिपके सोंग घेतात.

सकाळची गाडी ५.३० वाजता. हे साडेपाच. कारण तासाची मिनिटे साठ असतात, शंभर नव्हेत. इथे ठिपका फक्त तास आणि मिनिटे वेगळी करतो. क्रिकेटमध्ये १९.४ षटके म्हणजे एकोणीस षटके आणि चार चेंडू. षटकाचे चेंडू सहा. तिथे साडेएकोणीस लिहायचे तर १९.३ लिहितात.

आणि जमीन! इथे कान देऊन ऐका. गावात लोक लिहितात, २.२० एकर. याचा अर्थ दोन एकर वीस गुंठे. एकराचे गुंठे चाळीस. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. म्हणून ते अडीच एकर झाले. कुणी त्याला दशांश समजून वाचले, तर दोन एकर आणि आठच गुंठे होतात. बारा गुंठे वावर एका ठिपक्यात बुडाले. भावाभावांच्या वाटणीत, विक्रीच्या इसारपावतीत असे लिहू नका. "दोन एकर वीस गुंठे" असे अक्षरांत लिहा.

सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर असतात. तिथे ०.८१.०० असे दोन ठिपके दिसतात. पहिले घर हेक्टरचे, दुसरे आरचे, तिसरे चौरस मीटरचे. हेक्टरचे आर शंभर आणि आरचे चौरस मीटर शंभर. म्हणून ०.८१.०० म्हणजे एक्याऐंशी आर. एक एकर म्हणजे सुमारे साडेचाळीस आर. तेव्हा ही जमीन सुमारे दोन एकर झाली. १.०५.०० असेल तर एक हेक्टर पाच आर. १.५०.०० असेल तर एक हेक्टर पन्नास आर, म्हणजे दीड हेक्टर. पाहा, पुन्हा तेच शून्य, तोच पाच. कापसात पंचेचाळीस किलोंचा फरक होता. इथे पंचेचाळीस आरांचा, म्हणजे एक एकराहून जास्त.

औषधात तर जिवाशी गाठ असते. लेकराच्या औषधावर ०.५ मिली लिहिले असेल तर ते अर्धा मिली. पाच मिली नव्हे. ठिपका दिसला नाही तर औषध दहापट जाईल. फवारणीचेही तेच. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली. त्याची कारणे अनेक होती. पण विषाच्या डब्यावरचे प्रमाण वाचता येणे ही आपल्या हातातली गोष्ट आहे. १.५ मिली आणि १५ मिली यांत दहापटीचे अंतर आहे. डोळ्यांनी नीट पाहा. शंका आली तर दोघांना विचारा. अंदाजाने ओतू नका.

आता चार नियम सांगतो आणि थांबतो.

पहिला नियम. ठिपक्याआधी काही नसेल तर शून्य लिहा. नुसते .५ लिहू नका. ०.५ लिहा. शून्य असले म्हणजे ठिपका नजरेत येतो.

दुसरा नियम. ठिपक्यानंतरचे आकडे एकेक करून, शून्यासकट, मोठ्याने वाचा.

तिसरा नियम. ठिपका दिसला की विचारा, हा कशाचा? शंभराचा, साठाचा, चाळिसाचा की सहाचा?

चौथा नियम. पैसा, जमीन आणि वजन आकड्यांत लिहा आणि अक्षरांतही लिहा. बँकेच्या चेकवर दोन्ही लिहायला लावतात ते उगीच नाही. पट्टीवर वजन क्विंटलमध्ये असेल तर किलोतही लिहून मागा. "आठशे पाच किलो" असे लिहिले असते, तर माझ्या चष्म्याची गरजच नव्हती.

आज घरी गेल्यावर एक काम करा. घरातले विजेचे बिल, दुधाची चिठ्ठी, किंवा सातबारा काढा. त्यातले ठिपके शोधा. प्रत्येक ठिपक्याच्या डावीकडे काय आणि उजवीकडे काय, ते घरच्यांना वाचून दाखवा. चुकलात तरी चालेल. उद्या वर्गात विचारा.

पण एक चूक करू नका. दुसऱ्याने वाचून दाखवले, म्हणून डोळे मिटून खरे मानू नका. तो गुरुजी असला तरी मानू नका. "जरा थांबा जी, मले पाहू द्या," असे म्हणा. कागद आपल्या हातात घ्या आणि स्वतः वाचा. तुम्ही या वर्गात येता ते याचसाठी.